पावडरीआधीचं पाणी

आमच्या आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, दोन गोष्टींचा गर्व होता. एक त्यांची मुलगी बेबा आणि दुसरी त्यांची विहीर. मुलाचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, नंबर त्यानंतर कुठेतरी लागत असावा. मी कधी विचारलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आमचं गाव टाकरदे. दोंडाईच्याहून यष्टी सुटते आणि वाटेत कुणी हात केला की थांबत थांबत, मनात आलं तर पोचते. मी जळगावची, नळाच्या पाण्यावर वाढलेली. लग्न होऊन आले त्या दिवशी उंबरठा ओलांडल्याबरोबर आत्याबाईंनी माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि मी पिऊन होईपर्यंत तोंडाकडे बघत राहिल्या.

"कसं शे?"

"गोड आहे," मी म्हटलं. खरंच गोड होतं. पण नुसतं 'चांगलं आहे' म्हटलं असतं, तर माझा संसार पहिल्याच दिवशी जरा कडू झाला असता, हे मला मागाहून कळलं. घरी पाहुणा कुणीही येवो, तहसीलदार येवो की मिरचीचा व्यापारी, त्याला आधी पाणी मिळायचं, मग त्यानं पाण्याचं कौतुक करायचं आणि मगच चुलीवर चहा चढायचा. काही अडाणी पाहुणे कौतुक करायचे विसरत आणि चहाविना उठत.

पण हा गर्व नुसता हसून सोडून देण्यासारखा नव्हता. आत्याबाई नव्या नवरी होऊन आल्या त्या साली गावात पटकी आली होती. शिकलेले लोक तिला कॉलरा म्हणतात. गावात तेव्हा तिचं नावसुद्धा घेत नसत, मरीमाय म्हणत. गावानं रीतीप्रमाणे मरीमायचा गाडा केला. लाकडाचा छोटा गाडा, त्यात हिरवं लुगडं, बांगड्या, लिंबं, नारळ. वाजतगाजत नेऊन तो शेजारच्या गावाच्या शिवेवर सोडला. शेजारच्यांनी दुसऱ्या दिवशी तो पुढच्या शिवेवर नेऊन सोडला. पुढे तो कुठवर गेला ते मरीमायलाच ठाऊक.

गाडा गेला, मरीमाय मात्र गेली नाही. आमच्या घरातून नानांची आई आणि थोरला भाऊ एकाच दिवशी गेले. नाना म्हणजे माझे सासरे, पंडित नाना. त्यांची आई धोंडाबाई दिवसभर "पानी, पानी" करत होती आणि नवी सून तांब्यामागून तांब्या भरून तिला पाजत होती. पाणी नदीचं होतं. तेव्हा कुणाला काय माहीत! ती गेली आणि नानांनी शपथ घेतली की या घरात नदीचं पाणी पुन्हा येणार नाही. परसात विहीर खोदली, खडक फोडला आणि पाणी लागलं ते असं गोड.

त्यामुळे आत्याबाईंचा हिशोब सरळ होता. पटकीच्या वर्षी पटकीशी भांडून काढलेली विहीर. तिच्यात पटकी शिरेलच कशी?

एकोणीसशे त्र्याण्णव साली वैशाखात बेबाचं लग्न ठरलं. मुलगा चाळीसगावजवळचा, घर चांगलं, शेतीवाडी बरी. आणि नेमक्या त्याच वैशाखात नदीच्या वरच्या अंगाच्या दोन गावांत जुलाब-उलट्या सुरू झाल्या.

आरोग्य खात्याचे गिरधरभाऊ सायकलवरून आले. हा माणूस गावात शिरला की आधी वास यायचा, मग घंटी, मग माणूस. ब्लीचिंग पावडरीची पिशवी हँडलला लटकवून त्यांची सायकल पांढरी झाली होती, आणि धुळ्याला बायकोनं पसंत केलेली निळी पँटही. साहेब बरोबर असले की ते या रोगाला 'गॅस्ट्रो' म्हणायचे. आमच्या ओट्यावर बसले की आवाज खाली आणून 'कॉलरा' म्हणायचे. कॉलरा म्हटलं की वर कळवावं लागतं, वरच्यांना आणखी वर कळवावं लागतं, आणि आपल्या घरी पटकी आहे हे सांगायला कुणालाच आवडत नाही. एवढंच त्याचं कारण.

त्यांनी शाळेतून जगाचा नकाशा मागून आणला आणि मारुतीच्या पारावर टांगला. गाव जमलं, कारण त्या दिवशी दुसरं काही नव्हतं. गिरधरभाऊंनी छडी इंडोनेशियावर ठेवली. "ही साथ इथून निघाली, एकसष्ट साली. मग आपल्याकडे आली. मग इराण, मग आफ्रिका. आणि दोन वर्षांपूर्वी थेट समुद्र ओलांडून इकडे, दक्षिण अमेरिकेत. हजारो माणसं गेली. आता मद्रासकडे नवाच जंतू निघालाय."

"पन इतला लांब ती जास कशी?" कुणीतरी विचारलं.

"माणसाच्या पोटातून जाते, जहाजाच्या पाण्यातून जाते."

आत्याबाई पदर सारखा करून उठल्या. "जहाज आठे कथाईन येई? आठे यष्टी बी दिनमा दोनच डाव येस!"

पार हसला. गिरधरभाऊही हसले, पण छडी सोडली नाही. म्हणाले, "अक्का, तिकडेही लोक असंच म्हणाले होते. एका देशात साथ आली की शेजारचा देश म्हणतो, तुमची मासळी नको, तुमची माणसं नकोत, ठेवा तुमच्याकडेच. ती तरी पोचतेच."

मला तेव्हा मरीमायचा गाडा आठवला. मोठमोठे देशसुद्धा शिवेवर गाडा नेऊन सोडतात म्हणायचे. फक्त वाजंत्री वेगळी.

"गिरधरभाऊ," आत्याबाई म्हणाल्या, "जत्रामा आम्हले सुई बी तुम्हीच दिन्ही व्हती. हात सुजी गयथा मन्हा. मंग ती सुई काही कामनी नही, असं बी तुम्हीच सांगं. उद्या पावडरनं बी तसंच सांगशात."

यावर मात्र गिरधरभाऊंनी छडी खाली घेतली, कारण ती गोष्ट खरी होती. सरकारनं जत्रेत कॉलऱ्याच्या सुया टोचायचं बंद केलं होतं, त्या फारशा उपयोगाच्या नाहीत म्हणून. आमच्या आत्याबाई शाळेत गेल्या नव्हत्या, पण सरकारची एकही चूक त्या विसरत नसत.

"मन्ही विहीरमा पावडर नही," हे त्यांनी त्याच दिवशी जाहीर केलं. लग्नाचं जेवण त्या विहिरीच्या पाण्यावर शिजायचं होतं. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, पाचशे पान. चाळीसगावकडचे व्याही पहिल्या घोटाला नाक मुरडतील, पाण्याला दवाखान्याचा वास येतो म्हणतील, आणि बेबाला जन्मभर ऐकवतील. आत्याबाईंना याची धास्ती होती. त्यांनी आपली बाज उचलून विहिरीजवळ नेऊन टाकली आणि भर दुपारीही तिथेच बसू लागल्या. निवडणं-टिपणं तिथेच, लग्नाच्या याद्या तिथेच, मला रागावणंही तिथूनच.

बाकी गाव एवढं उघड भांडत नव्हतं. गावाची रीत अधिक सोयीची होती. गिरधरभाऊ पद्धतशीर माणूस. पावडर टाकायच्या आदल्या दिवशी कोतवाल भिकनला दवंडी पिटायला सांगायचे. भिकन डफडं वाजवून ओरडायचा, "उद्या सकायले विहीरमा पावडर पडनार शे होऽऽ!" आणि ते ऐकल्याबरोबर साऱ्या गावातल्या बाया घागरी, हंडे, टिपाडं, अगदी दुधाच्या किटल्या घेऊन गावच्या विहिरीवर धावायच्या. पावडर पडायच्या आधी घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवायचं! दुसऱ्या दिवशी गिरधरभाऊ मोठ्या निगुतीनं विहीर शुद्ध करायचे आणि गाव घरी बसून कालचं पाणी प्यायचं. त्यातलं संपेपर्यंत विहिरीतली पावडरही उडून गेलेली असायची.

हे सगळ्यांना माहीत होतं. गिरधरभाऊंना माहीत नव्हतं, कारण त्यांना कोण सांगणार?

सांगितलं ते नानांनी. आता नानांची ओळख करून देणं अवघड आहे, कारण ते घरात असले तरी जाणवत नसत. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी आत्याबाईंना कशालाच नाही म्हटलं नव्हतं. तोंडात तंबाखूचा बार धरायचा आणि मान हलवायची. आत्याबाई म्हणायच्या, "यासना पोटमा काही ऱ्हास नही," पण ऱ्हायला आधी पोटात काही जावं तरी लागतं, असं मला वाटायचं. मी त्यांना ओळखलं नव्हतं, हे खरं.

हळदीच्या आदल्या दिवशी गिरधरभाऊ ओट्यावर टेकले. चेहरा उतरलेला. नदीकाठच्या त्या दोन गावांतला एक म्हातारा गेला होता. "नाना," ते म्हणाले, "पाचशे माणसं एका पाण्यावर जेवणार. विहिरीपासून नाला किती लांब आहे, तुम्हीच बघा. एका घरी जरी लागण झाली असली, तर चाळीसगावपर्यंत जाईल ही. वऱ्हाडाबरोबर."

मी दाराआड तांदूळ निवडत होते. मग नानांनी ओट्याखाली पिंक टाकली आणि म्हणाले, "गिरधरभाऊ, तुम्ही पहिले दवंडी देतस आनि मंग पावडर टाकतस. आठेच चुकस."

"म्हणजे?"

"पहिले टाका. मंग सांगा."

गिरधरभाऊ त्यांच्याकडे बघतच राहिले. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं, की त्या दिवसापुरती त्यांची पगारवाढ झाली असावी.

हळदीच्या दिवशी मांडवात लाउडस्पीकर लागला. नवरीला हळद लावायला आई हवीच, म्हणून आत्याबाईंना बाज सोडून यावं लागलं. सगळ्या बाया गाणी म्हणत होत्या. मी हळदीची वाटी आणायला परसात गेले, तर नाना विहिरीच्या काठावर उभे. शेजारी बादली, बादलीवर बेबाच्याच हळदीचं फडकं. गिरधरभाऊंनी शिकवल्याप्रमाणे त्यांनी पावडर कालवून चुना खाली बसू दिला होता आणि वरचं निवळलेलं पाणी ते दोरानं हळूच विहिरीत सोडत होते. मला बघून त्यांचा हात थांबला. मी वाटी घेतली आणि मांडवात परत गेले. सुनेनं सासऱ्याच्या कामात लक्ष घालू नये, असं मला माहेरी शिकवलं होतं. ती शिकवण मी त्या दिवशी तरी पाळली.

दुपार कलली तशी भिकननं दवंडी दिली. "उद्या सकायले पंडित नानानी विहीरमा बी पावडर पडनार शे होऽऽ!"

आत्याबाई मांडवातून अशा उठल्या, की हळदीचं ताट कलंडलं. "मी जिती शे तवपावत पडत नही! पन भरोसा नही या सरकारना. कमल, बठ्ठा टिपाडं काढ! भरा, भरा, आज ना आज बठ्ठं भरी ठेवा!" कमल म्हणजे मी; मी टिपाडं काढली, पुतणे आले, जावा आल्या. टिपाडं, रांजण, आचाऱ्याची पातेली, सगळं भरलं. आत्याबाई स्वतः रहाटावर उभ्या राहून पाणी मोजून घेत होत्या. मधेच एक तांब्या तोंडाला लावला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "हाई पानी! उद्यापाईन असं भेटावाव नही!"

नाना खांबाला टेकून बसले होते. त्यांनी मान हलवली.

थोडा वास राहिला होता, नाही असं नाही. पण नानांनी दोंडाईच्याच्या बाजारातून वाळ्याच्या जुड्या आणून पिण्याच्या टिपाडांत आधीच सोडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी व्याही पहिला पेला प्यायले आणि म्हणाले, "वा! वाळ्याचं पाणी!" आत्याबाईंनी विहिरीचं नाव जोडून दिलं. गिरधरभाऊही जेवायला होते. पंगतीत बसल्यावर त्यांनी खिशातून एक इवलीशी बाटली काढली आणि पेल्यात थेंब टाकला. पाणी पिवळं झालं, म्हणजे पावडर पुरेशी होती. मग त्यांनी तो पेला बाजूला ओतला, दुसरा मागितला आणि समाधानानं बट्टी फोडली. आत्याबाईंच्या नजरेला तेवढं पिवळं पाणी पडलं. "हळद पडी का त्यामा?" त्यांनी विचारलं. "हो अक्का," गिरधरभाऊ म्हणाले, "हळदच."

पाचशे पान उठलं. एकाच्याही पोटात दुखलं नाही.

त्याच आठवड्यात नदीपलीकडच्या गावात लग्न झालं. तिथे विहिरीत पावडर टाकली होती, दवंडी देऊन. आणि तिथलं अर्धं वऱ्हाड सलाइनवर गेलं. त्यांनीही आमच्या गावासारखीच दवंडी ऐकल्याबरोबर टिपाडं भरून ठेवली होती, ही गोष्ट आत्याबाईंनी हिशेबात धरली नाही. त्यांनी एवढंच धरलं की तिथे पावडर होती आणि लोक आजारी पडले, इथे पावडर नव्हती आणि कुणाला ढेकरही आडवा आला नाही. हा पुरावा घेऊन त्या गावभर फिरल्या. शेजारच्या भिकुबाईकडे, गिरणीवर, देवळात. आठ दिवसांत सारं गाव पावडरीच्या पक्क्या विरोधात गेलं. गिरधरभाऊंना लोक आता हसूनच चहा पाजायचे.

नाना बाजाराच्या दिवशी आत्याबाई दोंडाईच्याला गेल्या की बादली काढायचे. बाकी दिवस तंबाखू.

बेबाची पाठवणी झाली तेव्हाची एक गोष्ट सांगायला हवी. जीप दारात होती. सगळे रडत होते, मीही. आत्याबाईंनी बेबाचा चेहरा दोन्ही हातांत धरला. मला वाटलं आता संसाराचं काही सांगतील. त्या म्हणाल्या, "पोरी, पावडरनी दवंडी ऐकी की पहिले घागर भरी ठेव. पावडरनं पानी पेऊ नको. आपला घरनी रीत ध्यानमा ठेव."

बेबानं मान हलवली. नाना बाजूलाच उभे होते. त्यांनी तोंड उघडलं. मी पाहिलं, त्यांनी खरंच तोंड उघडलं होतं. मग पुन्हा मिटलं आणि जीपचं दार लावून घेतलं.

लग्नाला महिनाही झाला नव्हता. मृग लागून गेला होता, शेतात कापूस टोबायची गडबड होती. सरपंचाकडच्या फोनवर निरोप आला, बेबाला चाळीसगावला दवाखान्यात ठेवलंय, लगेच या.

आत्याबाई, नाना आणि मी, आम्ही तिघं निघालो. दोंडाईच्याहून धुळ्याला यष्टीनं आणि धुळ्याहून चाळीसगावच्या पॅसेंजरनं. ती गाडी प्रत्येक ठेसनावर थांबते आणि दोन ठेसनांच्या मधेही थांबते. एरवी आत्याबाईंनी ड्रायव्हरपासून रेल्वेमंत्र्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार केला असता. त्या दिवशी मांडीवर कापडात गुंडाळलेली बाटली होती. विहिरीचं पाणी. बेबाला घरचं पाणी मानवेल, म्हणाल्या.

बेबा ओळखू येत नव्हती. डोळे आत गेलेले, ओठ पांढरे, आणि हाताच्या बोटांची कातडी दिवसभर धुणं धुतल्यासारखी सुरकुतलेली. दोन्ही हातांना सलाइन. आत्याबाई पलंगाची दांडी धरून उभ्या राहिल्या. त्या बेबाकडे बघत नव्हत्या. त्यांना पटकीच्या सालचं कोण दिसत होतं, ते मला ठाऊक होतं, आणि नानांनाही.

बेबाची सासू मंदाबाई भली बाई. तिनं आवाज चढवला नाही. "आमच्याकडे पावडर पडली हो," ती म्हणाली. "आम्ही सगळे तेच पाणी पितो, कुणाला काही नाही. सूनबाईनं आदल्या दिवशीच घागर भरून झाकून ठेवली. मी म्हटलं, टाक ते पाणी. म्हणाली, माझ्या आईनं सांगितलंय."

आत्याबाई सावरून म्हणाल्या, "आम्हना घरमा पाचशे मानूस जेवनं. पावडर नव्हती. कोनले काही व्हयनं का?"

तेव्हा नाना बोलले. तंबाखू कधी थुंकली होती कोण जाणे, तोंड रिकामं होतं. "बेबानी माय, त्या पानीमा पावडर व्हती. हळदना दिनले मीच टाकी व्हती. तव्हयपाईन दर बाजारना दिनले टाकस."

मी आत्याबाईंकडे बघितलंच नाही, धीर झाला नाही. आता आभाळ कोसळणार. चाळीस वर्षांत पहिल्यांदा नवऱ्यानं फसवलं होतं, आणि तेही विहिरीवरून. विहिरीचा सारा मान, वाळ्याचा पेला, गावभर फिरवलेला पुरावा, सगळं एका वाक्यात खाली आलं होतं.

पण त्या ओरडल्या नाहीत. नानांकडे वळून अगदी हळू म्हणाल्या, "मंग आपली आंडेरले, बेबाले, काबरं नही सांगं?"

पाचशे पाहुण्यांना वाचवलेल्या माणसाला त्या एका प्रश्नानं खाली बसवलं. ते भिंतीला टेकून खाली बसले आणि त्यांनी उपरणं तोंडावर घेतलं. मला त्यांची फार दया आली. रागही आला, आणि मग माझ्या लक्षात आलं, की दाराआडून सगळं ऐकणारी मीही होतेच.

संध्याकाळी बेबानं डोळे उघडले. नर्सनं आत्याबाईंना साखर-मिठाचं पाणी करायला शिकवलं. उकळून गार केलेलं पाणी, साखर, चिमूटभर मीठ. "चाखून बघायचं, आजी. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागता कामा नये." आत्याबाईंना मापासाठी लांब जावं लागलं नाही. त्यांनी गालावरून बोट फिरवलं, चाखलं, मग वाटीतलं चाखलं आणि म्हणाल्या, "बराबर शे." चमच्या-चमच्यानं पाजत बसल्या. विहिरीची बाटली खिडकीत तशीच होती. त्यात नानांची पावडर होती, ते पाणी चांगलंच होतं, पण त्या दिवशी तिला कुणी हात लावला नाही.

बेबा वाचली. हे आधीच सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको.

टाकरद्याला परतल्यावर आत्याबाई घरात शिरल्या नाहीत. थेट भिकन कोतवालाच्या दारात गेल्या. "डफडं ले," म्हणाल्या. भिकन वाजवत पुढे आणि त्या मागे. दवंडी त्यांनी स्वतः दिली, आणि त्यांचा आवाज मुळात असा, की डफड्याचं काम नव्हतं.

"मन्ही विहीरमा लगनना पहिलेपाईन पावडर शे! मी पिनी, तुम्ही पिनात, बठ्ठा पिनात! मन्हा मानूसनी माले फसाडं! आज पावडर पडनारी शे, दिनना उजेडमा. जेले घागर भरनी व्हई, त्यानी नंतर भरा!"

गाव थक्क झालं. थोडं हसलंही, कारण हसण्यासारखंच होतं. भिकुबाई म्हणाली, "पन अक्का, तुम्हीच तर सांगं व्हतं, पानी गोड शे!" आत्याबाई म्हणाल्या, "गोडच व्हतं. तेच तर सांगस!" गिरधरभाऊ सायकलवरून उतरले ते तसेच उभे राहिले. आत्याबाईंनी त्यांच्या हातातून पिशवी घेतली, आपल्या हातानं पावडर कालवली आणि थांबायला सांगितलं तेवढा वेळ बाजेवर बसून राहिल्या. मग पहिला तांब्या काढला. स्वतः प्यायच्या आधी नानांपुढे धरला. नाना मुकाट्यानं प्यायले.

त्यानंतर नानांची शिक्षा सुरू झाली, ती आजतागायत चालू आहे. रोज संध्याकाळी दिवसभराचं सगळं सांगायचं. कोण भेटलं, काय बोललं, चहा किती वेळा झाला, साखर किती होती. एक गोष्ट राहिली तर जेवण वाढायचं नाही. चाळीस वर्षं न बोललेला माणूस आता इतका बोलतो, की कधी कधी आत्याबाईच म्हणतात, पुरे.

पुढच्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बेबा माहेरी आली. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, निंबाला झोका बांधतात, गाणी म्हणतात. आणि घराघरात पितरांच्या नावानं घागर भरतात. नवी मातीची घागर, तिच्या तोंडावर केली, म्हणजे छोटं मडकं, त्यावर आंबा ठेवायचा. गेलेल्या माणसांनी वैशाखाच्या उन्हात येऊन पोटभर पाणी प्यावं म्हणून. लग्नाआधी गिरधरभाऊंशी झालेल्या भांडणात आत्याबाईंचा एक मुद्दा हाही होता, की पितरांच्या घागरीत पावडरीचं पाणी कसं घालायचं.

त्या दिवशी सकाळी विहिरीत पावडर पडली होती, दवंडी देऊन, आणि गावातल्या बाया नंतरच आल्या होत्या. बेबा झोक्यावर होती, गाल पुन्हा भरलेले. आत्याबाईंनी घागर भरून आत आणली, पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं. मी आंबा द्यायला शेजारी बसले होते. त्यांनी आंबा ठेवला नाही. घागरीवर हात ठेवून थांबल्या. मग अगदी हळू बोलल्या. मला नव्हे, नानांना नव्हे, चाळीस वर्षांपूर्वी "पानी, पानी" करत गेलेल्या धोंडाबाईला.

"प्या, माय. आते पोटभर प्या. आते काही व्हत नही."